खाली जाड, वर बारीक

"आता बोलू नका हां कोणी. रेघ चालू." एवढं म्हणून ते छाती भरून श्वास घ्यायचे, आणि मग आजूबाजूला काहीही होवो, रेघ संपेपर्यंत तो श्वास बाहेर यायचा नाही. मध्येच कोणी बोललं तर डावा पंजा वर. पाचही बोटं पसरलेली, चौकातल्या हवालदारासारखी. नजर मात्र ब्रशच्या टोकावरून हलायची नाही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो पंजा मलाच मिळाला होता. आडगाव नाक्याच्या पुढं एका गॅरेजात मी आमच्या ट्रॉलीवर नंबर लिहून घ्यायला गेलो होतो. एक किडकिडीत, साठी ओलांडलेला माणूस एका बसच्या अंगावरून आडवा आडवा सरकत चालला होता. ब्रश पत्र्याला टेकलेला, करंगळी त्यावरून घसरतेय, आणि मागं लाल रेघ उमटत चाललीय. मी आपला घाईत. म्हटलं, "अहो पेंटर, किती वेळ लागेल?" पंजा वर. मी पुन्हा म्हटलं, "नाही, मला लांब जायचंय." पंजा तसाच. बस संपली, रेघ संपली, मग त्यांनी भस्सकन श्वास सोडला, दोन मिनिटं खोकले आणि हसून म्हणाले, "हां, आता बोला. जय भीम."

तुम्हीही त्यांची रेघ पाहिली असणार. मुंबई-आग्रा रोडवर एखाद्या ट्रकला ओव्हरटेक करताना त्याच्या दारावरून मागं गेलेली, कुठंही न थरथरलेली, टोकाला येता येता केसाएवढी बारीक होऊन संपणारी रेघ दिसली असेल तर ती बहुतेक त्यांचीच. खाली नाव नसायचं. नाव टाकायचं का, असं मी एकदा विचारलंही होतं. "रेघेला कशाला नाव? ती काय कविता हाय?" असं म्हणून त्यांनी विषय मिटवला होता.

मी धरणावर होड्या सांभाळतो. गंगापूर रोडनं शहर मागं टाकलं, द्राक्षांचे मळे लागले, की पुढं पाणी दिसतं. तिथं काही हौशी लोकांनी मिळून शिडाच्या आठ-दहा होड्या ठेवल्या आहेत. त्या धुणं, दोर बदलणं, शिडं वाळवणं, पावसाळ्याआधी शेडमध्ये उलट्या टाकणं, हे माझं काम. नाशिकला शिडाची होडी म्हटलं की लोक माझ्याकडं बघून हसतात. समुद्र घाटाखाली आणि तुम्ही घाटावर! हसा बापडे. वारा घाट चढून येतो हे त्यांना कुठं माहितेय.

त्यातली एक होडी सगळ्यांत जुनी. फायबरची, चौदा फुटी, कोणीतरी मुंबईहून टेम्पोत घालून आणलेली. तिच्या दोन्ही अंगांना दोन-दोन पट्टे होते, एक जाड निळा, एक बारीक लाल. उन्हानं निळ्याचा राखाडी झाला होता आणि लालाचा रंग धुतलेल्या कुंकवासारखा. सभासदांच्या बैठकीत ठरलं, पट्टे ताजे करायचे. कोणाकडून, असं विचारल्यावर माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "आहे एक माणूस."

तोवर आमची ओळख बरीच झाली होती. नाक्यावरून जाताना मी थांबायचो. रेघ मारण्याआधी ते चहा प्यायचे नाहीत, आणि रेघ मारल्यावर एकामागून एक दोन कप. चिकटपट्टी लावून रेघ मारणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. "पट्टी लावून काय, कोणीबी मारंल! पोरं मुळाक्षरं गिरवत्यात तसलं काम ते." घरीसुद्धा भांडण झालं की पंजा वर करायचे म्हणे. त्यांच्या मिसेस, म्हणजे आमच्या वहिनी, मला म्हणाल्या, "लग्न झाल्यापास्नं निम्मं आयुष्य मी गप्प बसण्यातच घालवलं बघा. ह्यांची रेघ चालू!"

एकदा इगतपुरीला जाताना घाटाच्या अलीकडं एका ट्रकवर मला त्यांची रेघ दिसली. टोकाचा तो केसाएवढा बारीक झटका मी कुठंही ओळखला असता. गाडी बाजूला घेऊन त्यांना फोन लावला. मला वाटलं, हसतील. त्यांनी विचारलं, "फिकी पडली का?"

"थोडी," मी म्हणालो.

"पडणारच. आपली रेघ एकदा गेली की गेली, भाऊ. चाळीस वर्षं मारतोय, गेटातनं बाहेर पडलेली परत बघायला नाय मिळाली. तुम्हाला दिसली, लय झालं."

त्यामुळं होडीचं काम सांगायला गेलो तेव्हा त्यांनी पहिलं काय विचारावं? पैसे नाही, रंग नाही. "ही होडी कुठं जाती का?"

"कुठं जाणार पेंटर? धरणातच फिरते. संध्याकाळी परत काठाला."

"म्हंजी कवाबी यावं अन् बघावं?"

"कधीही या."

त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला उगाचच मोठं काहीतरी दिल्यासारखं वाटलं. मिसेसला घेऊन येईन म्हणाले. डबा घेऊन येऊ, पाण्यावर रेघ हलताना बघू. ट्रकची रेघ फक्त पळताना बघितलीय, डुलताना कशी दिसती बघू.

आता त्यांच्या श्वासाचं सांगायला हवं, कारण सगळं तिथंच येऊन अडतं. तरुणपणी गॅरेजात ते स्प्रेगननं रंग मारायचे, तोंडाला नुसता रुमाल बांधून. तो रंग इतक्या वर्षांनी छातीत बसला होता. डॉक्टरांनी सांगितलं, रंगाच्या वासात जायचं नाही. त्यांनी स्प्रे सोडला, रेघ सोडली नाही. खिशात पंप असायचा, दमेकऱ्यांचा असतो तो. रेघेच्या आधी पंपाचे दोन झटके, रेघेनंतर पुन्हा दोन. मी एकदा भीत भीत म्हणालो, "पेंटर, श्वास घेत घेत मारा की रेघ. कोण बघतंय?"

"रेघ बघती," ते म्हणाले. "छाती हलली की हात हलतो, हात हलला की रेघ हलती. एका रेघेला एकच दम. मधी दम घेतला की तिथं सांधा दिसतो."

धरणावर ते आले ते चिडूनच. आम्ही त्यांच्या आधी पांढऱ्या रंगवाल्याला बोलावलं होतं आणि त्यानं होडी घासून, जुने पट्टे साफ पुसून, दुधासारखी पांढरी करून ठेवली होती. "पुसायच्या आधी मला दाखवायची ना! टेलरला जुनं माप देता का नाय?" मी म्हटलं, "कशाला काळजी करता, सगळं माझ्या तोंडपाठ आहे." वीस वर्षं ती होडी धुतोय मी. तोंडपाठ होतंच.

होडी शेडमध्ये टायरांवर उलटी टाकलेली होती. पोट वर, तोंड खाली. रंगकाम तसंच करतात. पेंटर तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले, गुडघ्यावर बसून एक डोळा मिटून तिचा बाक पाहिला, पेन्सिलीनं बारीक खुणा केल्या. तेवढ्यात मला सभासदांच्या सेक्रेटरींचा फोन आला, शिडाच्या कापडावरून. ते मला झापत होते, मी हो हो करत होतो, आणि पेंटरनी लांबून विचारलं, "भाऊ, जाड कुठं घेऊ?"

मी फोनवर हात ठेवला आणि ओरडलो, "खाली! खाली जाड, वर बारीक!"

"खाली जाड, वर बारीक. पक्कं?"

"पक्कं हो!"

कळलं ना तुम्हाला? मला तेव्हा नाही कळलं. माझ्या डोळ्यांसमोर होडी पाण्यात उभी होती. त्यांच्या डोळ्यांसमोर होडी टायरांवर उलटी पडली होती. माझं ‘खाली’ एक, त्यांचं ‘खाली’ दुसरंच. दोघंही बरोबर बोललो आणि होडी चुकली.

चार रेघा, चार सकाळी. त्याहून जास्त दम निघत नव्हता. रोज ते बसनं यायचे, उतरून पायी शेडपर्यंत येईपर्यंत धाप लागायची, मग अर्धा तास नुसते बसून राहायचे, पाण्याकडं बघत. मग पंप. मग ब्रश बुडवून, डब्याच्या काठाला निथळवून, "आता बोलू नका हां कोणी." शेडमध्ये मी एकटाच असायचो. तरी ते "कोणी" म्हणायचे.

त्यांची रेघ चालू असताना नकळत मीसुद्धा श्वास धरायचो आणि मला ती चौदा फुटं पुरायची नाहीत. मी आठव्या-नवव्या फुटाला सोडायचो. ते पुढं जात राहायचे. मानेच्या शिरा ताठ, ओठ काळपट, पाय एकमेकांत न अडकता आडवे सरकतायत, आणि हात असा शांत की जणू तो दुसऱ्याच कोणाचा. चौथ्या दिवशी, शेवटच्या जाड रेघेला, बारा फुटांवर ते थांबले. ब्रश उचलला. श्वास आत ओढला, त्याचा आवाज शिट्टीसारखा आला. पुन्हा ब्रश टेकवून राहिलेली दोन फुटं पुरी केली आणि मटकन खाली बसले.

बऱ्याच वेळानं मला जवळ बोलावून बोट दाखवलं. "इथं दम घेतला." मी डोळे बारीक करून पाहिलं. भाताच्या शितापेक्षा लहान, असून नसल्यासारखा सांधा. "दिसत नाही हो," म्हटलं. "मला दिसतो ना," ते म्हणाले. चहाचे दोन कप भरून दिले, त्यांनी एकच घेतला.

आता तुम्ही म्हणाल, चार दिवस तू शेजारी उभा होतास, डोळे फुटले होते का तुझे? फुटलेच होते. उलटी होडी चार दिवस समोर असली की तीच सुलटी वाटायला लागते. आणि खरं सांगू का, मी रेघ बघत होतो. होडी बघतच नव्हतो.

रविवारी होडी उलटून सरळ केली. सहा जण धरायला होते, सेक्रेटरी उभे होते, पेंटर मुद्दाम नवा शर्ट घालून आले होते. होडी वळली, खाली टेकली. जाड निळा पट्टा वर, बारीक लाल खाली. इतक्या सुंदर रेघा मी जन्मात पाहिल्या नाहीत, आणि होडी मात्र टोपी उलटी घातल्यासारखी दिसत होती.

सेक्रेटरी म्हणाले, "हे काय? एवढ्या वयाच्या माणसाला वरचं-खालचं कळत नाही?"

पेंटरनी माझ्याकडं पाहिलं. क्षणभरच. मी खाली वाकून दोराची गाठ बघायला लागलो. गाठीला काही झालेलं नव्हतं.

"माझीच चूक, साहेब," पेंटर म्हणाले. "विचारायला पायजे होतं, खाली म्हंजी कुठलं खाली."

मी बोललो नाही. माझी नोकरी दरवर्षी नव्यानं मंजूर होते, त्या वर्षी एकदा बोलणी आधीच खाऊन झाली होती, हे सगळं खरं. पण तेही कारण नव्हे. सहा माणसं बघत होती आणि माझं तोंड उघडलं नाही, एवढंच. आज इथं लिहितोय ते तेव्हा चार शब्दांत झालं असतं.

सगळे गेल्यावर त्यांनी मला शब्दानंही दुखावलं नाही. उलट माझीच समजूत काढल्यासारखं म्हणाले, "मी पुन्हा मारतो. फुकट. फक्त मला जरा दम येऊ द्या, दिवाळीच्या आसपास येतो. तोवर ही पाण्यात घालू नका, भाऊ. उलटी रेघ घेऊन पाण्यात नका पाठवू तिला. मला बघायची राह्यलीय."

"नाही घालणार," मी म्हणालो.

महिन्याभरात सभासदांचा कार्यक्रम आला. पाहुणे येणार, होड्या काढायच्या. सेक्रेटरींनी शहरातून स्टिकरवाला बोलावला. तो रोल घेऊन आला, पेंटरच्या रेघांवर आधी पांढरं चिकटवलं, त्यावर निळं, लाल. बरोबर क्रमानं. चारी पट्टे मिळून अर्धा तास. बोलत बोलत, फोनवर हसत हसत. पट्टी ताणून धरायला दुसरा माणूस लागतो. दुसरं टोक मीच धरलं होतं.

मग दर रविवारी फोन.

"भाऊ, पाण्यात नाय ना घातली?"

"नाही, पेंटर."

"शेडमधीच?"

"शेडमध्येच."

एकदा मी धक्क्यावर उभा होतो, त्याच होडीचा दोर हातात, शीड फडफडतंय. ते म्हणाले, "पाण्याचा आवाज येतोय." म्हटलं, "धरण आहे, येणारच." ते हसले आणि त्या हसण्याचा खोकला झाला, तो थांबेना. शेवटी वहिनींनी फोन काढून घेतला. म्हणाल्या, "रोज उठून ब्रश तेलात बुडवून ठेवत्यात. म्हणत्यात, केस वाळले तर होडीचं काम कसं व्हायचं?" नीट काळजी घ्या म्हणालो. असल्या वेळी माणसाला दुसरं काही सुचत नाही, आणि त्याचा उपयोगही नसतो.

दिवाळी आली, गेली. त्यांना दवाखान्यात ठेवल्याचं कळलं तेव्हा मी ठरवूनच निघालो. सगळं सांगायचं. ‘खाली जाड’ मीच म्हणालो होतो हे त्यांना माहीतच होतं. पण सहा जणांसमोर गप्प बसलो, स्टिकरचं टोक धरलं, दर रविवारी खोटं बोललो, हे माझ्या तोंडानं सांगायचं. रस्ताभर वाक्यं जुळवत गेलो.

खाटेवर ते उशीला टेकून बसले होते. आडवं झालं की श्वास लागायचा. तोंडावर मास्क, त्याची वाफ येतेय, जातेय. वहिनी पायांशी बसल्या होत्या. मी स्टूल ओढलं, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "पेंटर, मला तुम्हाला एक सांगायचंय. ती होडी..."

डावा पंजा वर झाला. पाचही बोटं पसरलेली.

मला वाटलं, त्यांना सगळं माहीत आहे आणि ऐकायचं नाही. मग वाटलं, माफ केलं. मग त्यांच्या डोळ्यांकडं पाहिलं आणि समजलं, दोन्हीपैकी काहीच नाही. त्यांची नजर समोर कुठंतरी एका जागी लागली होती आणि ते श्वास आत ओढत होते, एक, सावकाश, न थरथरता, मध्ये सांधा येऊ न देता. बोलायला आणि ऐकायला त्यात जागाच नव्हती. वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊ, बोलू नका."

मी गप्प बसलो. त्यांच्याजवळ एवढंच शिकलो होतो. भेटीची वेळ संपली, नर्सनं हाक मारली, मी उठलो. पंजा खाली आलेला नव्हता. तिसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला.

त्यांचा ब्रश वहिनींनी मला दिला. लांब केसांचा, दांड्याला बोटांच्या जागी खळगे पडलेला. मी तेलात बुडवून ठेवतो. कशासाठी, मलाही ठाऊक नाही. एकदा कोरड्या पत्र्यावर त्यांच्यासारखा श्वास धरून ओढून पाहिला. दीड फुटावर रेघ नागमोडी झाली.

यंदाच्या उन्हाळ्यात स्टिकर सुटायला लागला. आधी कोपरे उचलले गेले, मग मधेच फुगे आले. सेक्रेटरी म्हणाले, काढून टाका, नवा लावू. होडी पाण्यातच होती, धक्क्याला बांधलेली. मी पहाटेच गेलो. वारा नव्हता, पाणी थाळीसारखं. नखानं कोपरा धरला आणि सोलत सोलत पुढं सरकत गेलो. खालून त्यांची निळी निघाली, तिच्याखाली लाल. उन्हाचा डाग नाही, ओरखडा नाही. ट्रकवरच्या सगळ्या फिक्या पडल्या असतील. ही झाकलेली होती म्हणून काल मारल्यासारखी राहिली. बारा फुटांवर मी थांबलो. तो सांधा हाताला लागला. इथं दम घेतला.

सेक्रेटरींना फोन करून मी सगळं सांगितलं. ‘खाली जाड’ मी म्हणालो होतो, चूक पेंटरची नव्हती. ते म्हणाले, "अहो, एवढ्या जुन्या गोष्टीचं आता काय? नवा स्टिकर मंगळवारी येतोय."

आज रविवार. फोन यायची ही वेळ. मी धक्क्यावर बसलोय आणि समोर होडी उभी आहे, वर जाड, खाली बारीक, चुकीची. पण पाणी अगदी निवांत आहे आणि होडीखाली पाण्यात दुसरी होडी दिसतेय, पोट वर, तोंड खाली, शेडमध्ये टायरांवर पडली होती तशी. तिच्यावरची लाल रेघ वर आहे. निळी तिच्याखाली.

खाली जाड, वर बारीक. मी सांगितलं होतं तशी.